सभापतीबाई आणि दौऱ्याचं जेवण

आमच्या सभापतीबाई सभेत लवकर बसायच्या नाहीत. पंचायत समितीच्या मासिक सभेला आत आल्या की खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि मागच्या भिंतीकडे बघायच्या. तिथे गावोगावच्या बालवाड्या चालवणाऱ्या ग्रामसेविका उभ्या असत. खुर्च्या पुरत नाहीत, हे त्याचं सरकारी कारण. पुरुषांना पुरायच्या आणि बायकांपर्यंत येईतो संपायच्या. वर्षानुवर्षं अशाच संपत होत्या. बाई म्हणायच्या, "पोरी उभ्या हायेत न बीडीओ साहेब. त्याईचं होऊ द्या, मंग बसतो मी." सभापती उभ्या, म्हणून गटविकास अधिकारी उभे. अधिकारी उभे, म्हणून सदस्य उभे. दुसऱ्याच सभेला कुठूनशी बाकं आली. ती इतकी वर्षं कुठे होती, हे मी तेव्हाच विचारलं. उत्तर अजून मिळालेलं नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सदस्यांच्या दोन गटांचं एकमेकांच्या माणसावर जमेना, तेव्हा तडजोड म्हणून बाईंचं नाव निघालं. अल्लीपूरचं माहेर, आमच्या तालुक्यात सासर, घरची शेती, शाळा सातवीपर्यंत. बाई नावाला बसतील आणि कारभार त्यांचे यजमान भाऊ बघतील, असा दोन्ही गटांचा हिशेब. पहिल्या दिवशी भाऊ खरोखरच त्यांच्या मागोमाग दालनात शिरले आणि खुर्ची ओढून बसले. बाईंनी विचारलं, "अजी, तुमचं काही काम हाय काय इथं?"

"नाई बा."

"मंग भाईर बसा. इथं कामवाल्याईले जागा लागते."

भाऊ हसत उठले आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. पुढे सदस्य त्यांना तिथेच गाठायचे. भाऊ एकच उत्तर द्यायचे, "मले काऊन सांगता? मी त घरीबी तिचंच ऐकतो." हे सदस्यांना विनोद वाटायचं. विनोद नव्हता.

मी तेव्हा वर्ध्यात बायकांच्या संघटनेचं काम करत होते. काम म्हणजे मुख्यतः संताप आणि पत्रकं. पंचायत समितीची सभा लोकांसाठी खुली असते, हे तालुक्यात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं, म्हणून मी जाऊन बसायची. बाईंनी माझं पहिलं पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "चांगलं हाय. पण इतकी कायले वरडून राह्यली वं? मी त जवळच बसली हावो." त्यानंतर मी दिसले की त्या म्हणायच्या, "आली माही वरडणारी पोट्टी. चहा द्या इले, घसा कोरडा पडला असन."

आता दौऱ्याच्या जेवणाचं सांगते, कारण सगळं त्यावरूनच घडलं. सदस्य किंवा अधिकारी गावाला भेट द्यायला गेले की दुपारचं जेवण त्या गावच्या ग्रामसेविकेकडे, असा रिवाज होता. तो कुठल्याही नियमात नव्हता, म्हणूनच पक्का होता. तिनं पहाटे उठायचं, पाचसहा माणसांचा स्वयंपाक करायचा, वाढायचं, वर "भाजीत तिखट कमी पडलं" हे ऐकायचं, आणि मग बालवाडी का बंद होती याचा जाबही द्यायचा. ह्याला आमच्याकडे आदरातिथ्य म्हणत. मी वेठबिगारी म्हणते.

बाईंनी ह्यावर भाषण केलं नाही. पहिल्या दौऱ्याला त्या जीपमध्ये स्वतःची शिदोरी घेऊन चढल्या. ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. गावात काम उरकलं की सेविकेला बाहेर बोलवायच्या, झाडाखाली फडकं सोडायच्या आणि अर्धी भाकर तिच्या हातावर ठेवायच्या. घरात चला म्हटलं तर म्हणायच्या, "मी साहेबीन म्हणून आली. साहेबीनीनं तुह्या चुलीपाशी येऊ नये." बरोबरचे अधिकारी मग कुठे हॉटेल मिळतंय का ते बघत फिरायचे.

एका गावात कमल नावाची ग्रामसेविका होती. नवरा गेलेला, सासू अंथरुणाला खिळलेली. एक वजनदार सदस्य आपली चार माणसं घेऊन तिच्या दारात उभे राहिले आणि कोंबडीचं फर्मान सोडलं. कमल म्हणाली, "बाई आपला डबा आणतेत. तुम्ही काऊन नाई आणत?" आणि तिनं दार लावून घेतलं.

पुढच्या सभेआधीच मागणी आली : कमलची बदली करा, तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे सासूला टाकून जा, नाहीतर नोकरी सोड. कमलची नोकरी गेली तर त्या घरात चूल पेटणार नव्हती. सदस्यांनी बाईंना स्वच्छ सांगितलं, एका पोरीपायी स्वतःची खुर्ची घालवू नका.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहून काढलं. ठळक अक्षरांत कमलचं नाव, गावाचं नाव, सदस्याचं नाव. बाईंच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. बाई कापूस निवडत होत्या. हात थांबले.

"हे छापलं, मंग तू कुठं राह्यशीन?"

"वर्ध्याला."

"अन् कमल?"

मी कागदावरच्या तिच्या ठळक नावाकडे पाहिलं.

"थे त्याच गावात राह्यते. उद्या पारावरचे लोकं म्हणतीन, हेच थे पत्रकातली बाई. तिच्या दारावरून गाड्या जातीन, पोट्टे शिट्ट्या मारतीन. तुह्या पत्रकाचं नाव होईन, तिचं घर उठन."

"मग काय करायचं? सहन करायचं?"

"सहन कोन म्हन्लं? तिच्यावरचा राग आपल्या अंगावर घ्याचा. माहं अंग मोठं हाय."

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच्या सहीनं हुकूम काढला : दौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकानं आपलं जेवण बरोबर न्यावं, कर्मचाऱ्याच्या घरी जेवू नये. कमलचा त्यात उल्लेख नव्हता. सभेत तो त्यांनी मोठ्यानं वाचला आणि वर म्हणाल्या, "कमलले म्याच शिकवलं. जे बोलाचं थे मले बोला." सभागृहात जो गोंगाट उठला तो सगळा त्यांच्या दिशेनं. "घरी काय खायला घालता ते दिसतंच आहे भाऊंची हाडं बघून!" असंही कुणी ओरडलं. बाईंनी पदर सावरला. "भाऊले भाईरून बोलवू का? थेच सांगतीन." कमलच्या बदलीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही, पुढेही नाही. निघाला तो सभापतींवरचा अविश्वास ठराव.

त्या ठरावाला दोन्ही गट एक झाले. जे एकमेकांच्या लग्नाला जात नव्हते त्यांचे हात एकदम वर गेले. बाईंनी हात मोजले जाईपर्यंत शांतपणे वाट पाहिली, बीडीओ साहेबांना नमस्कार केला आणि बाहेर आल्या. मी रडत होते, संतापानं. त्या म्हणाल्या, "रडून कायले राह्यली? कमल हाय न जागेवर? मंग आपन जिकलो. डोळे पूस, भाऊ घाबरतीन."

गंमत पुढे झाली. नवे सभापती आले, पण तो हुकूम रद्द कोण करणार? त्यासाठी एखाद्या सदस्यानं भर सभेत उभं राहून म्हणायला हवं होतं की मला ग्रामसेविकेच्या घरचं जेवण पाहिजे. ते मोठ्यानं म्हणायची छाती एकाचीही झाली नाही. सेविका मात्र आता सभेत बाकावर बसून प्रश्न विचारू लागल्या होत्या. मीही तेव्हापासून जिच्यासाठी लिहायचं तिला आधी विचारते. तिनं नको म्हटलं तर छापत नाही.

ठराव झाल्यानंतरच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "चाल, कमलकडं जाऊन येऊ." जीप आता नव्हती. आम्ही एसटीनं गेलो. रस्त्यावर उतरून गावापर्यंत पायी. मी सवयीनं शिदोरीसाठी त्यांच्या हातांकडे पाहिलं. रिकामे होते.

कमल दारातच होती. "बाई, माह्यामुळं तुमचं..." एवढंच म्हणाली. बाईंनी चपला काढल्या, सासूच्या खाटेपाशी जाऊन तिची विचारपूस केली आणि सरळ चुलीजवळ पाट ओढून बसल्या.

"कमले, आता मी कोनाची साहेबीन नाई. काय रांधलं थे वाढ. अन् तुहं ताटबी संगंच घे."