बडीशेपेच्या डब्यातली गोळी

जेवण झालं की आमच्या घरात बडीशेपेचा डबा फिरतो. माझ्या पित्ताच्या चावून खायच्या गुलाबी गोळ्याही मी त्यातच ठेवायचो. परवा सहा वर्षांच्या लेकीचं पोट दुखायला लागलं, म्हणून मेडिकलवर जाऊन तिच्यासाठी तीच गोळी मागितली. दुकानदार म्हणाला, "लेकराला ही देऊ नका, डॉक्टरला दाखवा." मला लय राग आला. साधी गोळी ती, तिचं एवढं काय कौतुक! तणतणतच लेकीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिला काय काय खाल्लंस ते विचारलं.
"वरणभात. अन् मग गुलाबी गोळ्या, तीन."
"कुणी दिल्या?"
"कुणी न्हाई," ती माझ्याकडं बघत म्हणाली, "जेवल्यावर खायच्याच असतात की, पप्पा."