नंदनवनच्या सभेविरुद्ध माझा अर्ज

सत्तरच्या दशकात नागपुरातल्या आमच्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याच्या चौथ्या रविवारी उपदेश करण्याचा मान माझ्याकडे होता. बाकीचे रविवार पाळकसाहेबांचे. मी दिवसा सरकारी कचेरीत टंकलेखक होतो, पण मनातून स्वतःला प्रेषितांच्या वंशातला समजत असे. माझ्या उपदेशाला तीन मुद्दे असत आणि प्रत्येक मुद्द्याला तीन पोटमुद्दे. 'तद्वतच' आणि 'येणेप्रमाणे' हे शब्द मी इतक्या प्रेमाने वापरी की बायको एकदा म्हणाली, "तुम्ही देवाले बी सरकारी पत्र लिहून राहिले का?" लोक जांभया देत. त्या जांभया म्हणजे सुवार्तेला होणारा विरोध, असा मी अर्थ लावला होता.

गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये माझा शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबल वाचण्याचा, वर्ग असे. सुरुवातीला पंधराएक माणसं यायची. मग दहा झाली, मग पाच. चौकशी केली तेव्हा कळलं की बाकीची मंडळी बुधवारीच नंदनवनात जाऊन येतात आणि त्यांना ते आठवडाभर पुरतं.

नंदनवनात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. तिथे एका शिंप्याच्या अंगणात एक बाई शास्त्रातल्या गोष्टी सांगायची. ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरी धुवायची. विधवा होती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. अक्षरओळख उशिरा झालेली. एका नर्सने फावल्या वेळात वाचायला शिकवलेलं. मी मिशनच्या शाळेत शिकलेला, पाठांतराची बक्षिसं मिळवलेला. मला हसू आलं. निदान मी हसलो असं लोकांना दिसेल याची काळजी घेतली.

पुढच्या बुधवारी मी सायकल काढून नंदनवनात गेलो. सभेला बसायचं नव्हतं, म्हणून अंगणाच्या कोपऱ्याशी चेन पडल्याचं सोंग केलं आणि खाली बसून चांगली बसलेली चेन काढून हात काळे करू लागलो.

आत बाई सांगत होती, "मंग त्या दोघा प्रेषितायले लोक म्हने, पुढच्या शब्बाथाले, म्हंजे प्रार्थनेच्या वारी बी या, हेच सांगा. आन पुढच्या वेळी पाहतात तं काय, सारं गाव जमा. पाय ठेवाले जागा नाई."

हा तोच भाग होता जो मी येत्या चौथ्या रविवारसाठी निवडला होता. दोन प्रेषित एका परक्या गावात येतात, प्रार्थनेच्या घरात बोलतात, आठवड्याने सारं गाव ऐकायला लोटतं आणि तिथले जुने मानकरी मत्सराने पेटून त्यांना हाकलतात. सात आठवडे मी त्यावर टिपणं काढत होतो. बाईने माझा विषय उष्टा केला असं मला वाटलं. मान वर करून पाहिलं तर अंगणात तीस-चाळीस माणसं आणि पुढच्या सतरंजीवर माझी बायको. ती बहिणीकडे जाते असं सांगून निघाली होती.

घरी मी विचारलं, "बहीण बरी आहे का?"

"बरी हाये," ती म्हणाली. "तुमचे हात काहून काळे झाले?"

मी हात धुवायला मोरीवर गेलो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीच्या यंत्रावर अर्ज टंकला, कार्बन लावून तीन प्रती. 'सदर बाईस शास्त्राचे रीतसर शिक्षण नसून, त्यांच्या बोलण्याने मंडळीत गैरसमज पसरण्याचा संभव आहे, तरी सदर सभा तूर्त स्थगित करण्यात यावी.' 'तूर्त' हा शब्द मी दयेपोटी घातला. मग सह्या. वजनदार सह्या हव्या होत्या, म्हणून मंडळीतल्या दोन निवृत्त मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्यांच्या शब्दाला मान होता. नंतर कमिटीतले तीन वडीलधारे गाठले. बायकोपुढे कागद ठेवला तेव्हा तिने तो पूर्ण वाचला, घडी केली आणि परत दिला. सही केली नाही आणि भांडलीही नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पाळकसाहेब मवाळ गृहस्थ. अर्ज वाचून म्हणाले, "बंधू, आपली खरंच अशी इच्छा आहे?"

मी म्हणालो, "माझी इच्छा नाही, मंडळीच्या हिताचा प्रश्न आहे."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि बाईला निरोप पाठवला. नंदनवनची सभा बंद झाली.

त्यानंतरच्या गुरुवारी बाई माझ्या वर्गाला आली. पहिल्या रांगेत बसली, हात मांडीवर घेऊन. सोड्याने तिची बोटं पांढरी पडून चिरली होती. तासभर मी तिच्याकडे न पाहता शिकवलं. वर्ग सुटल्यावर ती जवळ आली.

"भाऊ, तुम्ही बम अभ्यास करता," ती म्हणाली. "मले अर्धं समजलं. पन जे समजलं ते चांगलं होतं."

मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला होता. दोन दिवस जेवन गेलं नाई. मंग आठवलं, इतवारीतल्या हमालायच्या बायका कवाच्या बोलावून राहिल्या होत्या. मले वेळच नव्हता. आता बुधवार मोकळा झाला."

ती इतवारीच्या बाजारात जाऊ लागली. धान्याच्या गोदामामागच्या चौकात बायका जमू लागल्या, नंतर त्यांचे नवरे. इकडे नंदनवनचे लोक गप्प बसले नाहीत; पाळकसाहेबांना भेटून त्यांनी शनिवारी आपापसांत प्रार्थना करण्याची परवानगी मिळवली. एका सभेच्या दोन सभा झाल्या. माझ्या वर्गाला तिघे उरले, त्यात एक चौकीदार, ज्याला हॉलला कुलूप लावायचं असे.

आणि चौथा रविवार आला. पहिला मुद्दा, प्रेषितांचं धैर्य, मी दणक्यात सांगितला. धैर्य वर्णन करताना मी नेहमी स्वतःच्या छातीवर हात ठेवत असे. मग दुसरा मुद्दा, विरोधकांचा मत्सर. "मग त्या मानकऱ्यांनी काय केलं?" मी गंभीर आवाजात विचारलं. "त्यांनी गावातल्या प्रतिष्ठित स्त्रियांना गाठलं, प्रमुख पुरुषांना गाठलं, आणि..."

दुसऱ्या रांगेत दोन्ही मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांच्या मागे ते तिघे वडीलधारे. इतके आठवडे मी हे वाक्य वाचत होतो, त्याखाली लाल रेघ मारली होती, आणि मला काही दिसलं नव्हतं. पाळकसाहेब आपल्या बुटांकडे पाहत होते. बायको माझ्याकडे पाहत होती. घाईने तिसऱ्या मुद्द्यावर उडी मारली तर तिथे लिहिलेलं: विरोधाचा परिणाम एवढाच झाला की वचन आणखी दूर पसरलं. मी 'आमेन' म्हणून खाली बसलो. उपदेश दहा-बारा मिनिटांत संपला. दारात लोकांनी हात हातात घेऊन सांगितलं की आजच्याइतका चांगला संदेश मी कधी दिला नव्हता.

सोमवारी अर्ज मागे घेतला. बुधवारी इतवारीत गेलो. हातगाड्या चुकवत गोदामामागे पोचलो तेव्हा बाई चौक झाडत होती. पाठ केलेली माफी मी सुरू केली. 'येणेप्रमाणे' पर्यंत आलो आणि अडलो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मी जळलो."

ती झाडू टेकवून उभी राहिली. "त्या गोष्टीतल्या मानकऱ्यायचं बी मले लय वाईट वाटते, भाऊ. इतके वर्ष त्यायनंच ते घर झाडलं असन, दिवाबत्ती केली असन. आन सारं गाव आलं ते पाहुन्याचं ऐकाले. जळनच नं गा मानूस."

मी इतकी पुस्तकं पालथी घातली होती. त्या मानकऱ्यांची कीव करावी हे कोणत्याच टिपणात नव्हतं. माझी कीव करणारं तर अगदीच कोणी नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी सतरंजी उचलली.

"आलेच आहा तं अंथरा," ती म्हणाली. "आन आज तुम्ही वाचा. मले बारीक अक्षर दिसत नाई."

त्या दिवसापासून मी वाचू लागलो आणि ती सांगू लागली. असं सहा-सात वर्षं चाललं. पुढे ती नोकरीतून सुटून आपल्या गावी, भावाकडे गेली. आता इतवारीत एका हमालाची बायको सांगते. ती बाईपेक्षाही कमी शिकलेली आहे आणि लोक तिचं मन लावून ऐकतात. मी तिच्यासाठीही वाचतो. अधूनमधून तिचाही हेवा वाटतो, विशेषतः बायका हसून मान डोलावतात तेव्हा. हा हेवा जावा, हे प्रार्थनेतलं मागणं अजून चालूच आहे.