रिकाम्या कार्ट्रिजचं खोकं

मागच्या सोमवारी नंदुरबारच्या एका सरकारी ऑफिसातली छपाई माझ्यामुळे बंद पडली. मी तिथे नोकरीला नाही. मला प्रिंटर चालवताही येत नाही...

त्याचं असं झालं. नातीच्या शाळेतला पाण्याचा फिल्टर पावसाळ्यापासून बंद आहे. पालकसभेत मॅडम म्हणाल्या, सुरतची एक कंपनी प्रिंटरची वापरलेली कार्ट्रिज घेते आणि नगाप्रमाणे शाळेला पैसे देते. मोठं खोकं भरून ठेवायचं, टेम्पो येऊन घेऊन जातो.

जमा कोण करणार, असं विचारल्यावर सगळे खाली बघायला लागले. मला अशी शांतता सहन होत नाही... मी हात वर केला.

मी सातवीपर्यंत शिकलेला. उभा जन्म मिरचीच्या पथारीवर गेला, मिरची वाळत घालायची आणि पोती भरायची. कार्ट्रिज म्हणजे काय, ते नातीने मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा कळलं.

आधी झेरॉक्सवाल्यांकडे फिरलो. पण आपल्याकडे कार्ट्रिज टाकून कोण देतो? पुन्हा पुन्हा पावडर भरून वापरतात, आणि तशी भरलेली कंपनीला चालत नाहीत. एक जण हसून म्हणाला, "आप्पा, आम्ही पेस्टनी ट्यूब कापीसन वापरतस, अन् तुमले कार्ट्रिज फुकट देसूत का?"

मग त्या ऑफिसात गेलो. जिन्याखालच्या कपाटात रिकामी कार्ट्रिज खच्चून भरलेली होती, कपाटाला कुलूप नव्हतं. शिपाई ओळखीचा निघाला. म्हणाला, "भंगार शे ते, लई जा." मी दोनदा विचारलं, तो दोनदा हो म्हणाला... रिक्षात घालून सगळी शाळेत नेली. इतकी वर्षं मिरचीने शिंक आली नाही, ती त्या काळ्या पावडरीने आली.

खोकं भरलं. मॅडमनी चिकटपट्टी लावली. टेम्पो मंगळवारी येणार होता.

सोमवारी सकाळी फोन आला. ऑफिसात स्टोअर सांभाळणारे भाऊसाहेब बोलत होते. "आप्पा, कोणले इचारीसन लई ग्यात? रिकामा दखाडाशिवाय माले नवा भेटतस का?"

ऑफिसातलं चालू कार्ट्रिज त्याच सकाळी संपलं होतं, आणि सरकारी पद्धत अशी, की जुनी रिकामी जमा केली तरच वरून नवीन मिळतात. हे मला कुठून माहीत असणार... पोलीस येतील, पेन्शन बंद होईल, असं काय काय मनात आलं. मला पेन्शन नाही, हे नंतर आठवलं.

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "लोके पोरीस्ना लगीननी काळजी करतस, तुम्ही डबडास्नी करतस. जाई या आते."

गेलो. म्हटलं, माफी मागू, खोकं मात्र शाळेतच राहू दे. एवढ्या मोठ्या ऑफिसला एक दिवस छपाई नसली तर काय बिघडतं?

खिडकीजवळ एक जोडपं उकिडवं बसलेलं होतं, बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. डोंगरातल्या काठी गावाच्याही पलीकडच्या पाड्यावरून आले होते. ऊसतोडीला गुजरातला निघालेले, संध्याकाळी मुकादमाची गाडी लागणार होती. मुलीला मागे वसतिगृहात ठेवायचं होतं आणि त्यासाठी दाखला हवा होता. दाखला तयार होता, फक्त छापायचा राहिला होता.

मुलीचा बाप मला म्हणाला, "मशीन बंद है बोलते. आज नाय भेटला तर पोरगी बी संगच चालली." आवाजात राग नव्हता. मुलगी आईच्या पदराशी खेळत होती.

मी भाऊसाहेबांना भेटलोच नाही, तसाच मागे फिरलो. एका शाळेला पाणी मिळावं म्हणून मी दुसऱ्या पोरीची शाळा बंद करत होतो... हे मला नीट मांडता येत नव्हतं, पण पाय भराभरा उचलत होते.

मॅडमना सगळं सांगितलं. वाटलं, आता चारचौघांत बोलणार. त्यांनी टेबलावरची कात्री घेतली आणि चिकटपट्टी कापली. कपाटातून आणलेली सगळी वेगळी काढली. उरली ती तळाशी चार-पाच, पालकांनी आणून दिलेली.

काढलेली दुसऱ्या खोक्यात भरून दुपारी ऑफिसात पोचवली. भाऊसाहेबांनी प्रत्येक कार्ट्रिजवर मार्करने फुली मारली, शिपायाला ती घेऊन वरच्या ऑफिसात पिटाळलं आणि तासाभरात नवीन आलं. जुनी परत मिळतील का, असं मी हळूच विचारलं. "त्या आते लिलावमा जातीन," म्हणाले. विषय संपला.

दाखला निघाला. बाप तो दोन्ही हातांत धरून बाहेर आला आणि सरळ माझ्यासमोर उभा राहिला. त्याने मला खोकं घेऊन धावत येताना पाहिलं होतं आणि त्यानंतर मशीन सुरू झालं होतं. त्याचा समज झाला, मीच मदत केली.

बाईने गाठोड्यातून दोन सीताफळं काढून माझ्या हातावर ठेवली. मी नको नको म्हणत होतो. खरं काय ते सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण नवरा म्हणाला, "गाडी सुटेल, बाबा," आणि तिघं निघालेसुद्धा...

मंगळवारी टेम्पो आला आणि रिकामा गेला. मॅडम म्हणाल्या, पुढच्या खेपेला बघू, पण आता विचारून आणा. शाळेत मुलं अजून घरच्याच बाटल्या आणतात.

सीताफळं दोन दिवस तशीच राहिली, मला खाववेना. शेवटी नातीने फोडली. ती कुठून आली, असं तिने विचारलं तेव्हा मी तिला सगळं सांगितलं... जे त्या दोघांना सांगायचं राहिलं, तेही.