डार्करूममधली तुरटी

भावाचं सुतक फिटलं, म्हणून आज दाढी केली. गालावर तुरटी फिरवताना कातडी ताठली आणि माझ्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतली डार्करूम आठवली. अकोल्याच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी इतकं तापायचं, की धुताना फिल्मवरचा मऊ थर चेहऱ्यांसकट सुटून यायचा. म्हणून आम्ही तुरटीचं हार्डनर वापरायचो. थर कडक व्हायचा, सहसा ओरखडाही पडत नसे. फक्त अशी फिल्म आत मुरलेलं केमिकल लवकर सोडायची नाही. वाहत्या पाण्याखाली फार वेळ धुवावी लागायची.

"एकदा रडून घ्या हो," दारातून बायको म्हणाली.

इतके उन्हाळे काढलेत, की आता कडक राहण्याचाच शीण येतो.

"वेळ लागेल," मी म्हणालो आणि बेसिनचा नळ तसाच वाहू दिला.