पुन्हासांगांचं पाणी

ये गं मित्रा पोरी, या पत्रातूनच जवळ ये जरा. आधी रागावून घेते, मग बोलते. बाप जाऊन वर्ष उलटलं आणि तू मला कळवलंस ते आत्ता, पूर्ण्याहून, चार ओळींच्या पत्रात! मी काय इतकी परकी झाले? बरं, त्या चारातल्या तीन ओळी तांब्याच्या. ‘दादांच्या पेटीत पितळी तांब्या निघाला, त्यावर तुमचं नाव कोरलेलं आहे, तो आमच्याकडं कसा?’ आईलाही ठाऊक नाही म्हणतेस. नसणारच. दुसऱ्याचं झाकून ठेवायची तुझ्या दादांना सवय होती. मग आता मीच उघडते. पण तांब्यापर्यंत पोचायचं तर आधी तुझ्या बापाला नीट उभं करावं लागेल. तू त्यांना दादा म्हणून पाहिलंस. आमच्या गावानं त्यांना ‘पुन्हासांगा’ म्हणून पाहिलं.

राणीसावरगावच्या पुढं आमचं एवढंसं बाजाराचं गाव, आणि त्यात त्यांचं ते एकुलतं एक मेडिकल. पांढरा सदरा, कानावर पेन्सिल, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला आपोआप वाकावं लागायचं. पण गोळी अशी नुसती हातात ठेवतील तर शपथ. कधी घ्यायची, कशावर घ्यायची ते सांगायचे आणि वर म्हणायचे, “आता तुमी मला पुन्हा सांगा.” सांगितल्याशिवाय पुडी सुटायची नाही. एकदा एक म्हातारा चिडला. “मी काय साळंत आलोय का रं?” दादा म्हणाले, “साळंत चुकलं तर छडी बसती मामा, हितं चुकलं तर मामी रडती. सांगा पुन्हा.” आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, तर म्हणायच्या, “हा गोळी देतोय का गुरुमंत्र?” पण जिला अक्षर येत नाही तिच्या पुडीवर ते पेन्सिलीनं भाकरी काढून द्यायचे. भाकरीच्या अलीकडं टिंब, तर जेवायच्या आधी. पलीकडं टिंब, तर जेवल्यावर. गावात त्या पुड्या कुणाच्या चुकल्याचं मी तरी ऐकलं नाही.

त्यांची दुसरी एक म्हण होती. कुणाचं डोकं ठणकत असलं, दुकानातच गोळी गिळायची म्हटली, की हसून म्हणायचे, “पाणी तुमचं, गोळी माझी.” मग माणूस शेजारच्या हॉटेलातून पाणी मागून आणायचा. मला वाटायचं, काय गमत्या माणूस! कित्येक दिवस मी त्याला गंमतच समजत होते. एकदा पडदा वाऱ्यानं उडाला तेव्हा आतला माठ दिसला. भीमनगरातलं कुणी आलं, की त्याच माठातलं पाणी ते स्वतः ओतून द्यायचे. आपण बौद्ध, समोरचा आपल्या हातचं पिणार नाही, आणि नाही म्हणताना त्याची मान खाली जाईल. ती जाऊ नये म्हणून हा माणूस आधीच हसून मोकळा होत होता. कळलं तेव्हा मला लाज वाटली. पण लाज वाटून मी काय केलं? काही नाही. पुढच्या वेळी घरून पाणी घेऊन गेले.

नामांतराची ती वर्षं होती. विद्यापीठाच्या नावावरून माणसं उभी फाटली होती. तुझ्या मोठ्या चुलत्याचं खेड्यातलं घर जळालं ते तू ऐकलं असशील. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, असं आम्ही अभिमानानं सांगायचो. पण गावाची विहीर वेगळी होती आणि भीमनगरचा हापसा वेगळा. तो हापसा सरकारनं दुष्काळानंतर बसवलेला. आमच्या बाजूचं कुणी त्याच्या दांड्याला हात लावत नसे.

अशात एका भादव्यात हगवण-उलटीची साथ आली. ओढ्याचा पूर विहिरीत शिरला होता. नदीनं रस्ता तोडला, एसटी बंद, सरकारी डॉक्टर पलीकडच्या काठाला अडकले. गावात दवापाण्यातलं कळणारं माणूस उरलं एक. दादांनी दुकान बायकोवर टाकलं आणि ते दारोदार फिरायला लागले. कुणाच्या घरी कितीजण आजारी, कुणाला लघवी झाली, कुणाचे डोळे खोल गेले, सगळं वहीत टिपायचे. उंबऱ्याबाहेर उभं राहून, बरं का. आत कुणी बोलवलं नाही, आणि ते गेले नाहीत.

त्यांच्या एक ध्यानात आलं. भीमनगरात साथ जवळपास नव्हतीच. विहिरीवर पिणारीच घरं आडवी होत होती. ते विहिरीत टाकायची पांढरी भुकटी घेऊन गेले, तर चौघंजण पायरीवर आडवे आले. “विहिरीवर चढायचं न्हाई.” दादा म्हणाले, “मी चढत न्हाई. तुमी टाका, मी हितून सांगतो.” भुकटीचा डबा त्यांनी पायरीवर ठेवला. तो तिथंच राहिला.

मीठ-साखरेच्या सरकारी पुड्या दोन दिवसांत संपल्या. मग त्यांनी दुकानापुढं माठ मांडला. हापशाचं पाणी उकळून, निववून, मापानं साखर-मीठ घालून. बायकांना सांगायचे, “चव बघा. आसवांपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या.” आमच्याकडं उलटी रीत, हगवण लागली की लेकराचं पाणी तोडायचं. ते म्हणायचे, “माठ गळायलाय म्हणून पाणी घालायचं थांबवता का वैनी? गळतंय तवर भरत ऱ्हायचं.” भीमनगरची माणसं न्यायची. आमच्या आळीतून कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी माझी मंगल आजारी पडली. तुला आठवते का गं? बालवाडीत तुम्ही दोघी एका पाटीवर लिहायच्या. पाच वर्षांची. दुपारपर्यंत तिच्या हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायला लागली. आत्याबाईंना न सांगता मी माहेरचा तांब्या पदराखाली घेतला आणि दुकानावर गेले. दादांनी तो काठोकाठ भरून दिला. “दर घडीला चमचा चमचा. वकली तर जरा थांबायचं, पुन्हा द्यायचं. सांगा पुन्हा.” मी सगळं बरोबर सांगितलं. साखर किती, मीठ किती, तेही सांगितलं.

परत येताना आळीच्या वळणावरून आमचं दार दिसलं. दारात आत्याबाई उभ्या होत्या.

मित्रा, मी तो तांब्या तिथंच गटारात रिकामा केला. कुणी मला ढकललं नाही. माझ्याच हातानं. मनाला म्हटलं, मीठ-साखरच तर आहे, माप मला पाठ आहे, घरी करीन. केलंही. मूठ न चुकवता, चिमूट न चुकवता. पण पाणी विहिरीचं, आणि आत्याबाई चूल अडवून बसलेल्या, म्हणून उकळायचंही राहिलं. तेच मी माझ्या लेकीला चमचा चमचा पाजलं.

दिवेलागणीला दादा वही घेऊन आले. उंबऱ्याबाहेरून मंगलकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “वैनी, पाणी कंचं देताय?” त्यांच्या हातात भरलेली किटली होती. आत्याबाई मागं चुलीपाशी होत्या, आणि दादांना ‘ओतून दिलं’ म्हणायची मला लाज वाटली. मी हळूच म्हणाले, “तुमी दिलेलंच.”

त्यांनी किटली खाली ठेवली. मग किटलीतलं थोडं तळहातावर घेऊन चाखलं. पुन्हा चाखलं. “मग मीठ चुकलं की काय माझं,” असं पुटपुटत माघारी गेले. किटलीही घेऊन गेले. चुकलेलं पाणी कसं देतील?

सकाळी गुरं सुटायच्या वेळेला मंगल गेली.

दादांचं ते पुटपुटणं कुणीतरी ऐकलं, आणि मग गाव बोलायला लागलं. पुन्हासांगाच्या पाण्यानं पोरगी मेली. भीमनगरातल्या बायासुद्धा बिचकल्या. दादांनी माठ पालथा घातला आणि दुकानात तराजू पुढं घेऊन मीठ मोजत बसले. येणाऱ्याला गोळी द्यायचे, पण पाण्याचं नाव काढायचे नाहीत. मी घरात सुतकात बसून हे सगळं ऐकत होते. दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी सुताराची सून गेली. बाळंत होऊन महिना झाला नव्हता. माठ उघडा असता तर तिनं पाणी नेलं असतं का, मला माहीत नाही. पण माठ पालथा होता, आणि तो मी घातला होता.

मी उठले. तोच तांब्या घेतला. सुतकातली बाई रस्त्यानं निघाली म्हणून आळी बाहेर आली. दुकानापुढं मी तांब्या ठेवला आणि म्हणाले, “दादा, पाणी द्या.”

त्यांनी वर पाहिलं नाही. “पाणी तुमचं, गोळी माझी, वैनी.” पण या वेळी हसले नाहीत.

“तुमचं पाणी मी गटारात वतलं, दादा. पोरीला हिरीचं पाजलं. आन् तुमाला खोटं सांगितलं.”

तराजूचं पारडं हलत होतं ते त्यांनी बोटानं धरलं. मग नेहमीच्याच त्या हळू आवाजात म्हणाले, “पुन्हा सांगा.”

मी आळीकडं तोंड केलं आणि पुन्हा सांगितलं. मोठ्यानं. आत्याबाई समोर होत्या, आमचे मालक, मंगलचे वडील, होते, पायरी अडवणारे चौघंही होते. तुझी आई दुकानाच्या आत होती, पण तुझ्या पाठच्या तान्ह्याच्या रडण्यात तिला काही ऐकू गेलं नसावं. आळीनं लाजेपायी पुन्हा विषय काढला नाही, आणि नंतर दादांनीही सांगितलं नाही, हे मला आज तुझ्या पत्रातून कळतंय.

दादांनी माठ सुलटा केला. हापशाचं पाणी आलं, उकळलं, निवलं, तोवर मी रस्त्यातच बसून होते. माझा तांब्या त्यांनी भरला. त्यांच्या हातून मी घेतला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्याले. म्हणाले, “मीठ बरोबर हाय, दादा.” तेव्हा त्यांनी पडद्याकडं तोंड फिरवलं. खांदे तेवढे हलताना दिसले.

त्याच दिवशी आमच्या मालकांनी पायरीवरचा तो डबा उचलून विहिरीत भुकटी टाकली. दादा लांबून माप सांगत होते, मालक पुन्हा म्हणून दाखवत होते. संध्याकाळी आमच्या आळीतून पहिली घागर हापशावर गेली. सगळ्यांची नाही गेली, खोटं कशाला बोलू? पण गेली. साथ ओसरली. तांब्या मात्र आत्याबाईंनी घरात घेऊ दिला नाही. दादा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या हितं, मापाला होईल.” साथ संपेपर्यंत त्या तांब्यानंच ते पाणी मोजत होते. असा तो तुमच्याकडं आला, मित्रा.

विद्यापीठाचं नाव बदललं त्याच वर्षी तुझ्या शाळेसाठी तुम्ही पूर्ण्याला निघालात. एसटीपाशी मी दशम्या घेऊन आले होते. इतकी वर्षं राहून गेलेलं विचारलं, “दादा, मला माफ केलंत का?”

ते म्हणाले, “वैनी, त्या संध्याकाळी मी तुमच्या दारात हुतो. आत येऊन तुमच्या भांड्यातलं पाणी नुसतं बघितलं असतं, तरी गढूळ हाय हे मला कळलं असतं. हातात किटली हुती. पोरगी तवा जित्ती हुती. पर उंबरा वलांडायचा धीर झाला न्हाई.”

एवढंच बोलून गाडीत चढले. म्हणजे बघ, ज्या उंबऱ्यावर आम्ही त्यांना अडवलं, तो न ओलांडल्याचा दोष तो माणूस आठ वर्षं स्वतःच्या माथी घेऊन फिरत होता. मी “अहो, दादा” म्हणेपर्यंत गाडी हलली. त्यानंतर भेट नाही. आणि आता तुझं हे पत्र.

आत्याबाई कधीच गेल्या. मालकही गेले. अजूनही कुणा लेकराला पाणी पाजताना मी आधी भांड्याच्या तळाशी बघते. गोळ्या आणून देणाऱ्या नातवाला म्हणते, आता मला पुन्हा सांग. तो हसतो. त्याला काय माहीत?

तर ये गं बाई, दिवाळीपर्यंत थांबू नकोस. तांब्या घेऊन ये, आणि तो रिकामा आणू नकोस. हापसा अजून चालतो, दांडा तेवढा जड झालाय. आधी तिथं भर आणि मग इकडं ये. मी दारात उभी असेन. पण तू तिथं थांबायचं नाहीस, हाक मारायची नाहीस. उंबरा ओलांडून सरळ आत यायचं, आणि मला पाणी द्यायचं.