एक बोट कुंकू

नव्वदीच्या मधल्या वर्षांत आम्ही डोंबिवलीत राहत होतो आणि हॉलच्या कोपऱ्यात माझं डीटीपीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि माझी किरकिर. पहिल्यांदाच एका दिवाळी अंकाचं काम मिळालेलं. पानं लावून झाली, मुखपृष्ठावर रंगीत चित्र चढलं आणि फाइल अशी फुगली की ठाण्याला छपाईची फिल्म काढायला पाठवायची कशी, हा एकच प्रश्न उरला.

दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत फिल्म छापखान्यात पोचली नाही, तर आमची पाळी दुसऱ्या कुणाला जाणार होती. आणि दिवाळी उलटल्यावर आलेला दिवाळी अंक रद्दीवालासुद्धा तोंड वाकडं करून घेतो. त्यात या अंकात माझ्या सासूबाईंचं एक पान होतं. आई चौथी शिकलेल्या. माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, वडील मिठागरात कामाला. त्या मिठागराबद्दल बोलत गेल्या, मी टाइप करत गेले आणि संपादकांना ते आवडलं. तेव्हापासून अंक कधी येणार म्हणून रोज माझं डोकं खायच्या.

मॉडेमचा नाद मी एकदा करून बघितलेला. दोन तास फाइल जात होती, मग लाइनमध्ये खरखर झाली आणि सगळं पहिल्यापासून. ठाण्याचा फिल्मवाला म्हणाला, हार्ड डिस्कच आणा, तुमच्यासारखाच डिस्कचा ओढून काढायचा कप्पा माझ्याकडेही आहे. पण त्या डिस्कमध्ये माझं वर्षभराचं काम. रस्त्यात आपटली तर? मी म्हटलं, छे, त्यापेक्षा फ्लॉप्या बऱ्या. फाइलचे सत्तावीस तुकडे केले, सत्तावीस फ्लॉप्यांवर भरले, प्रत्येकीवर नंबर घातला. हुशारी केल्यासारखं वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी आईंनी कॉम्प्युटरची पूजा केली. मॉनिटरला झेंडूची माळ, कीबोर्डवर अक्षता. मी म्हटलं, हळद-कुंकू मशीनला लांबूनच वाहा. त्यांनी शहाण्यासारखं लांबूनच वाहिलं. मग मी साडी बदलायला आत गेले, फ्लॉप्यांची चळत टेबलावर ठेवून.

ठाण्याला पोचले तर पहिलीच फ्लॉपी वाचेना. फिल्मवाल्याने तिची पत्र्याची झडप सरकवली. आत ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट! एक वाचत नाही म्हणजे बाकीच्या सव्वीस असून नसून सारख्या. असा संताप आला म्हणून सांगू. घरी जाऊन परत यायला वेळ नव्हता आणि नवरा सोनं वाटायला नातेवाइकांकडे गेलेला. घरात एकट्या आई.

फोन केला. भांडायचं ठरवूनच केलेला, पण त्यांचा "हॅलो" ऐकला आणि नुसतं सांगितलं, फ्लॉप्या बिघडल्यात, कॉम्प्युटरचा कप्पा काढून आणावा लागेल. चावी कुठे आहे ते सांगितलं, ती कशी फिरवायची तेही. या बाईने आजवर माऊसलाही हात लावलेला नव्हता.

आई म्हणाल्या, "आपटायचं नाही एवढंच ना? आणते."

पुढचे दोन तास मी त्या दुकानाच्या पायरीवर काढले. चारदा उठले, चारदा बसले. शेवटी एक रिक्षा आली, झेंडूच्या माळा घातलेली, बैलगाडीच्या चालीने. आमच्याच बिल्डिंगमधल्या रिक्षावाल्याला आईंनी पूजेवरून उठवलेलं. शिळफाट्याचा तो रस्ता, ते खड्डे, आणि मागे या बाई मांडीवर गोधडीत गुंडाळलेली डिस्क घेऊन, तान्ह्या बाळाला घरी आणतात तशा. रिक्षावाला म्हणाला, काकूंनी दुसरा गिअर टाकू दिला नाही.

डिस्क लागली, फाइल उघडली, मी रडायचीच बाकी होते. आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कुंकवानेच झालं ना?"

खोटं बोलणार होते, जमलं नाही. मान हलवली.

म्हणाल्या, तू ती झडप सरकवून फुंकर मारायचीस ना, मला वाटलं तेच तिचं तोंड. म्हणून वरच्या एकीलाच लावलं, सगळ्यांच्या वतीने. मला हसू फुटलं आणि माझा राग तिथेच संपला.

पहिल्या फिल्मा निघाल्या तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. फिल्मवाल्याने आईंचं पान शोधून त्यांच्या हातात दिलं आणि उजेडासमोर कसं धरायचं ते दाखवलं. त्या पारदर्शक कागदावरची काळी अक्षरं त्या बोट न लावता वाचत होत्या. मिठागरापर्यंत पोचल्याच नाहीत. वरच थांबल्या, स्वतःच्या नावाशी.

मी विचारलं, चुकलंय का काही?

"नाही गं," त्या म्हणाल्या. "रेशनकार्डावर आधी सासऱ्यांच्या खाली होतं, मग ह्यांच्या. इथे वर कुणीच नाही."