वहिनीच्या नावाची शाल

माझा भाऊ सीमेवर मारला गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. तेव्हापासून जळगावात होणाऱ्या वीरकुटुंबांच्या सत्काराचं बोलावणं दरवर्षी येतं आणि वहिनी दरवर्षी नाही म्हणते. पहिल्या वर्षी तेवढी ती गेली होती. दारात स्वागताला उभ्या असलेल्या बाईनं तिच्या पुढच्यामागच्या सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावलं आणि तिच्या हातात नुसतं गुलाबाचं फूल ठेवलं. बाहेरच्या फलकावर मात्र हिचं नाव, 'वीरपत्नी' म्हणून, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत!

मला हे गेल्या वर्षी कळलं आणि मी आकाशपाताळ एक केलं. मी शाळेत शिकवते, असल्या रूढींवर पोरींपुढे घसा बसेस्तोवर बोलते. यंदा आयोजकांशी भांडून स्वागताचं ताट माझ्याकडे घेतलं आणि धरणगावला जाऊन वहिनीला म्हटलं, "दारात मी उभी आहे. कुंकू मी लावणार. बघतेच कोण अडवतं!"

"इतला लोकेसमा तुम्हले जमी का ताई?" तिनं विचारलं. एवढ्या लोकांत मला जमेल का, म्हणजे काय! मला तिचा रागच आला.

ती आली. नवं लुगडं नेसून, रांगेत उभी राहिली. पाहुणे येताहेत, लवकर उरका, असं मागून कुणीतरी ओरडत होतं. माझं बोट कुंकवात, मग कपाळावर, पुन्हा कुंकवात. वहिनी समोर आली. तिचं मोकळं कपाळ दिसलं आणि माझा हात तिला ओलांडून मागच्या बाईच्या कपाळाला टेकला. मला कुणीही अडवलं नव्हतं. लहानपणापासूनचं हाताचं वळण, दुसरं काही नाही.

"वहिनी, थांब," म्हणत मी वळले, तोवर तिनं पदर कपाळावर ओढून घेतला होता.

"राहू द्या ताई. माले सवय शे."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! इतकी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

तिचं नाव पुकारलं तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. ती एसटीनं गावी निघून गेली होती. लोक टाळ्या वाजवतच राहिले, म्हणून मी उठले आणि तिची शाल घेऊन आले.

शाल अजून माझ्या कपाटात आहे. धरणगाव काही लांब नाही. पण मी गेले तर ती चहा करील, बसवून घेईल आणि नणंद निघाली म्हणून रीतीप्रमाणे कुंकवाचा करंडा माझ्यापुढे धरील.